पेटाऱ्याचं पितळ घासू का?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: घर आजेसासऱ्यांच्या वेळचं. माजघरात चाकांचा सागवानी पेटारा आहे, त्यावर पितळी पट्ट्या, उठावाची फुलं आणि कडी-कोयंडा. हा पेटारा बरीच वर्षं पडवीत गोठ्याच्या भिंतीला लागून होता. गुरं विकली तेव्हा आत आला. शिवाय पितळी मुठींचं दोन दारांचं कपाट आणि सोप्यात पितळी कड्यांचा झोपाळा. वैशाखात मुलाचं लग्न आहे. बेळगावहून आलेल्या जाऊबाईंनी चार माणसांत ‘पितळ असलं काळं कसं गं सोडलीस?’ म्हणून विचारलं आणि ते ताईंच्या मनाला लागलं. त्यांनी रात्री पेटाऱ्याच्या एका पट्टीवर चिंच-मीठ थापून ठेवलं. सकाळी पितळ गुलाबीसर झालेलं आणि पट्टीच्या कडेनं लाकडावर काळी रेघ उमटलेली. आता दीर म्हणतात, सगळं उचकटून बेळगावात बफिंग करून आणू. पुण्यातली मुलगी म्हणते, बोटसुद्धा लावू नका, जुन्या वस्तूची किंमत जाते. गावात फिरणारा एक जण जुनं पितळ घेऊन त्याच्या बदल्यात नवा चकचकीत सेट बसवून द्यायला तयार आहे. ‘कुणाचं ऐकू? आणि माझ्या हातून बिघडलं ते निस्तरेल का?’

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. गुलाबी झालेलं पितळ पुन्हा पिवळं होईल, आणि घरच्या घरी होईल. लाकडावरची रेघ जरा चिवट आहे, तिच्याबद्दल खाली लिहिलंय. लग्न तोंडावर आलंय म्हणून उद्या सकाळी उठून दुसऱ्या पट्टीला काही लावू नका, एवढं मात्र ऐका.

आता जाऊबाईंचं. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि पत्रावरून वाटतं की ती तुम्हीही मान्य करून बसलाय: घरातलं पितळ काळं दिसलं म्हणजे त्या घरची बाई कामाला कमी पडली. हे कुठून आलं ते कळतं. दसरा-दिवाळीच्या आधी माळ्यावरचे हंडे, घागरी, समया, ताम्हणं खाली काढायची, चिंच नाहीतर आमसुलं चोळून न्हाणीत घासायची, उन्हात ओळीनं पालथी घालायची. येणारी-जाणारी त्यावरून घर जोखायची. भांड्यांपुरतं त्यात तथ्यही आहे. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी राहिली तर ती कळकते आणि तीच आपल्या पोटात जाते. भांडं आतून-बाहेरून लख्ख हवंच. पण पेटाऱ्यात कुणी आमटी ठेवत नाही. त्याच्यावरचा काळपटपणा तुम्ही घासलं नाही म्हणून आलेला नाही. पितळ हवेत राहिलं की त्याचं तसंच होतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ढोबळ मानानं दोन भाग तांबं, एक भाग जस्त. हवेतला प्राणवायू, ओल आणि चुलीच्या धुरातून येणारं थोडंफार गंधक यांनी वरच्या तांब्यावर तपकिरी, मग काळसर थर चढतो. लोखंडाचा गंज पापुद्रे काढत आत आत जातो, तसं इथं होत नाही. हा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला हवेपासून थोडा आडोसाच देतो. तो खरवडून काढला की नवा धातू उघडा पडतो आणि पुन्हा काळवंडायला लागतो. आपल्याकडे तर लवकरच. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला मी काय सांगायचं? कोरड्या हवेच्या अथणीतल्या घरात वर्षभर टिकणारी चकाकी तुमच्या माजघरात श्रावणापर्यंतसुद्धा टिकणार नाही.

म्हणून ‘घासू की नको’ याच्या आधी बघायचं ते हे, की त्या पितळेवर नेमकं काय बसलंय. पेटारा खिडकीजवळ ओढा, दिवसाच्या उजेडात एकेक पट्टी बघा. एकसारखा, गुळगुळीत, तपकिरी-काळा रंग दिसतो तो वर सांगितलेला थर. त्याला राहू दे. बोटाला चिकट लागणारा, नखानं ओरखडा उठणारा काळा थर म्हणजे धूर, तेल आणि हातांचा मळ. तो साबणानं जाईल आणि जायलाच हवा. तिसरं म्हणजे हिरवं. ते पट्टीच्या कडेला, फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशी, खिळ्यांच्या डोक्याभोवती साठतं. हिरव्यातही दोन जाती आहेत. एक मेणचट, काडीनं उकरलं तर गोळा होऊन येणारं. लाकडाला दरवर्षी खोबरेल किंवा गोडंतेल लावायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ते याचंच कारण समजा: तेलातली आम्लं तांब्याशी मिळतात आणि हा हिरवा मेणासारखा पदार्थ तयार होतो. दुसरं कोरडं, पिठासारखं, ओलीमुळे आलेलं. दोन्ही काढायची. ती विषारी असतात, तेव्हा कोरडी खरवडून धूळ उडवू नका. ओल्या कापडानं टिपत काढा, हातमोजे घाला, आणि पोरांना त्या दिवशी माजघरात फिरकू देऊ नका.

पत्रातल्या गोठ्याच्या उल्लेखाजवळ मी थांबले. तुम्ही तो सहज लिहिलाय, पण तुमच्या पेटाऱ्याबाबत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. गुरांच्या मुतातून अमोनिया सुटतो आणि पितळेला अमोनियाचं वावडं आहे. इंग्रजांच्या काळात इथल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की आपोआप तडकायची. कुणी हात लावलेला नसताना तडे कसे जातात ते बराच काळ कोडं होतं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ वाकवताना-ठोकताना त्यात राहून गेलेला ताण, या दोहोंमुळे ते घडतं हे १९२१ मध्ये धातुतज्ज्ञांनी उलगडून दाखवलं. पेटाऱ्याच्या पट्ट्याही पातळ पत्र्याच्या आणि कोपऱ्यावर ठोकून दुमडलेल्या असतात. म्हणून गोठ्याच्या अंगाची बाजू नीट तपासा. जिथं पट्टी वळते तिथं केसाएवढी बारीक चीर दिसते का? खिळ्याच्या भोकापासून फाटत गेलेली रेघ? दिसली तर तिथं दाबून घासायचं नाही आणि ती पट्टी उचकटायची तर अजिबात नाही, हातात तुकडे येतील. बाजारातल्या बऱ्याच पितळ-पॉलिशांत थोडा अमोनिया असतो, तेव्हा त्या बाजूला तीही नकोत.

चिंचेचं काय झालं तेही सांगते. चिंचेचं आम्ल काळा थर विरघळवतं, म्हणून ती भांड्यांना चालते: पाच मिनिटं चोळायची आणि भरपूर पाण्यानं धुवायची. रात्रभर ठेवली तर आम्ल थरापाशी थांबत नाही, वरच्या पातळीवरचं जस्तही ओढून घेतं. मागं उरतं ते तांबं, म्हणून गुलाबी. तो रंग अगदी वरवरचा असतो. खडूची बारीक पूड चार थेंब रॉकेलमध्ये कालवून मऊ सुती कापडानं हलक्या हातानं चोळलंत की खालचा पिवळा येईल. लाकडावरची रेघ मात्र चिंचेच्या पाण्यानं कडेच्या लोखंडी खिळ्यांना गाठल्यामुळे आलीय. विरघळलेलं लोखंड आणि सागातला तुरट अंश मिळाले की लाकडात शाईसारखा काळा डाग बसतो. आणि मीठ? ते भांड्यावरून धुऊन जातं. पेटाऱ्यावर ते पट्टीखाली शिरून बसतं, हवेतली ओल ओढतं आणि आतून पितळ खात राहतं. म्हणून त्या एका पट्टीची कड आत्ताच साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तीन-चारदा टिपून घ्या, दर वेळी फडकं धुऊन. मग कोरड्यानं पुसा आणि तासभर पंख्याखाली राहू द्या.

लिंबू-मीठ, व्हिनेगर, गोव्याकडची बिंबलं, सगळ्यांना हाच न्याय. बाथरूम धुवायचं ॲसिड वापरणारेही मला माहीत आहेत. पितळ क्षणात उजळतं आणि त्याच्या वाफेनं शेजारचे लोखंडी खिळे, बिजागऱ्या गंजायला लागतात. ते घरात नकोच.

दिरांचं बफिंग. त्यांचा हेतू चांगला आहे आणि मशिनीवर पितळ आरशासारखं होतं यात खोटं काही नाही. पण बफचं चाक थर आणि धातू यांत फरक करत नाही. तुमच्या पेटाऱ्यावर उठावाची फुलं आहेत. पाकळ्यांच्या कडा, मधल्या गोंड्यावरचे ठिपके, कुलपाच्या चकतीवर कारागिरानं मारलेला ठोका किंवा आकडा असेल तर तो, हे सगळं मिलिमीटरच्या अंशावर उभं असतं. एकदा गुळगुळीत झालं की परत येत नाही. दुसरी अडचण त्याच्याही आधीची. बफला द्यायचं तर पट्ट्या काढाव्या लागणार, आणि जुन्या पेटाऱ्यांच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, लाकडातून आरपार जाऊन आतल्या बाजूला वळवून ठोकलेल्या असतात. झाकण उघडून आत हात फिरवा, वळलेली टोकं लागतील. त्या सरळ करून काढताना निम्म्या तुटतात, लाकूड फाटतं, आणि परत बसवताना जुन्या भोकात चूक घट्ट धरत नाही. पट्ट्या फक्त दिसायला नाहीत, पेटाऱ्याचे कोपरे त्यांनीच आवळून धरलेत. दिरांना झोपाळ्याच्या कामाला लावा, तिथं त्यांचा उत्साह कामी येईल.

मुलीचं म्हणणं निम्मं बरोबर. संग्रहात ठेवायच्या, ज्यांचा काळ आणि कारागीर ठाऊक आहे अशा दुर्मिळ वस्तूंवरचा मूळ रंग घालवला तर जाणकार गिऱ्हाईक मागं सरतं, हे खरं. पण जुनेपणाचा रंग वेगळा आणि हिरवा कळंक वेगळा. कळंक राहू दिला तर ती जपणूक नव्हे. मुलीला एक विचारा: आपण पेटारा विकणार आहोत का? नसू, तर किमतीचा मुद्दा चर्चेतून काढून टाका. मग उरतं ते इतकंच, की तो अजून दोन पिढ्या टिकावा आणि बघायला बरा वाटावा.

फेरीवाल्याला मात्र सरळ नाही म्हणा. जुनं पितळ मोडीत वजनावर विकलं तरी त्याला पैसे सुटतात, आणि बदल्यात मिळणारा ‘पितळी’ सेट बहुतेक वेळा लोखंडावर किंवा जस्ताच्या ओतीव मिश्रणावर मुलामा दिलेला असतो. वर नव्या मुठींची भोकं जुन्या भोकांवर येत नाहीत. जुनी पट्टी काढली की तिच्याखालचं न उन्हाळलेलं, वेगळ्या रंगाचं लाकूड तिच्या आकारात उघडं पडतं. ते झाकायला मग लाकडालाही पॉलिश, आणि एकातून दुसरं निघत जातं. आपल्या भागात जुनी दारं, खांब, पेटारे विचारत फिरणारे वाढलेत. बाकीच्या वाचकांनीही ‘फुकट बदलून देतो’ या शब्दावर जरा थांबावं.

तर माझ्या मते पेटारा स्वच्छ करायचा, चकचकीत करायचा नाही.

आधी लाकडावरचं पॉलिश कसलं आहे ते बघा. पेटाऱ्याच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा कापसाचा बोळा क्षणभर टेकवा. जागा चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश आहे, सुतार ज्याला स्पिरिट पॉलिश म्हणतात. मग पितळेजवळ स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी यांतलं काहीच आणायचं नाही. साबणाचं पाणी, रॉकेल, टर्पेंटाइन जपून चालतं.

लाकूड वाचवायला कागदी चिकटपट्टी लावतात ती जुन्या लाखेचे पापुद्रे घेऊन निघते. त्याऐवजी घरात जुना एक्स-रे असेल तर त्याची पट्टी कापा आणि पितळेच्या कडेखाली जेवढी सरकेल तेवढी सरकवा. फुलाभोवती बसवायची तर गोल कापा. पाणी, पूड, काहीही गळलं तरी त्या फिल्मवर राहतं. हा उपाय दिसायला फालतू वाटतो, पण लाकूड यानंच वाचतं.

मग वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. जुन्या बनियनचं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की त्यातून थेंब पडता कामा नये, आणि वितीवितीनं पुसत जा. प्रत्येक वितीनंतर साध्या पाण्याचं फडकं, लगेच कोरडं फडकं. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत. फुलांच्या खोबणीत मुलांचा मऊ दात घासायचा ब्रश चालेल. तारेची घासणी नाही, काथ्या नाही, रांगोळी, राख, विटेची पूड नाही. पितांबरीसारखी पावडर भांड्यांना चांगली, पण ती पाण्याबरोबर वापरून भरपूर पाण्यानं धुवायची असते आणि पेटारा काही नळाखाली धरता येत नाही. मेणचट हिरव्यासाठी बांबूची किंवा दात कोरायची काडी टोकाशी तिरकी करून घ्या, रॉकेलमध्ये बुडवा, हळू उकरा. लाकडाची काडी पितळेवर ओरखडा काढत नाही. त्या दिवशी माजघरात निरांजनसुद्धा नको आणि रॉकेल-टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अंगणात पसरून वाळवा.

एवढं झाल्यावर पेटारा बघा. मळ गेलेलं तपकिरी पितळ काळं दिसत नाही, काकवीच्या रंगाचं दिसतं. आता खडूची ती रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोटावर गुंडाळलेल्या कापडावर वाटाण्याएवढी घ्या आणि फक्त उठावावर फिरवा: फुलाचा गोंडा, पाकळ्यांचे उंचवटे, कडीचा जिथं हात लागतो तो भाग. खोलगट भाग तसाच गडद ठेवा. नक्षी उठून दिसते ती या फरकामुळेच. सगळं सारखं पिवळं केलं की लांबून नुसता पत्रा दिसतो. गोठ्याच्या बाजूला चिरा सापडल्या असतील तर तिथं हा टप्पा वगळा. खोबणीत पांढरी पूड राहिली तर ब्रशनं लगेच काढा; वाळून बसली की पावसाळ्यात ओल धरते.

कपाटाच्या मुठींना हात लावण्याआधी लोहचुंबक लावा. पर्सच्या बटणातला चालतो. मुठीला चिकटला तर ती आतून लोखंडी आहे आणि वर पितळेचा मुलामा. घासलीत तर मुलामाच जाईल, ओल्या फडक्यानं पुसून सोडून द्या. चुंबक नुसत्या स्क्रूला चिकटला तर मूठ पितळी असू शकते, स्क्रू तेवढे लोखंडी. डाग चट्ट्याचट्ट्यांचे, एखादा पारदर्शक पापुद्रा सुटतोय असं दिसलं तर कुणीतरी मध्ये कधी लॅकर मारलंय. अशी मूठ काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून पंधरा-वीस मिनिटं ठेवली की लॅकर बहुधा सुटतं.

मुठी काढताना मात्र घाई नको. जुन्या स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच डिसमिस घ्या. लहान घेतलात की खाच खाल्ली जाते आणि मग तो स्क्रू निघतच नाही. जाम असेल तर मशिनच्या तेलाचा एक थेंब, आणि एक रात्र वाट बघा. प्रत्येक मुठीचे स्क्रू तिच्याबरोबर एका पुडीत ठेवून त्यावर ‘डावं दार, वरची’ असं लिहा. हातानं केलेल्या जुन्या कामात दोन भोकं एकसारखी नसतात.

झोपाळ्यावर मात्र मनासारखी हौस करून घ्या. कड्या लाकडापासून सुट्या होतात, धुता येतात, रोज हाताखालून जातात. त्यांना चिंच, आमसूल, पावडर, काहीही चालेल. फक्त मीठ नको आणि दहा मिनिटांच्या वर ठेवायचं नाही. मग सोड्याच्या पाण्यातून काढा, नळाखाली चांगल्या धुवा, कडीत कडी अडकते तिथलं पाणी हलवून काढा आणि उन्हात वाळवा. कड्यांवर हत्ती-मोर असतील तर त्यांच्या खोबणीतलं हिरवं त्याच वेळी निघेल. पाहुण्यांची नजर आधी सोप्यातल्या झोपाळ्यावरच जाणार आहे, तेव्हा तुम्हाला हवी असलेली चकाकी इथं मिळवा.

आणि हे दिरांना आवर्जून सांगा: कड्या खाली आल्यात तर जिथं धातू धातूवर घासतो तिथं तो किती झिजलाय ते बघा. कडीचा तो भाग बाकीच्या कडीपेक्षा उघड उघड बारीक दिसला तर कासाराकडून ती कडी बदलून घेतल्याशिवाय झोपाळा टांगू नका. तुळईतला लोखंडी आकडाही तपासा. लग्नघरात एका झोपाळ्यावर पाच-पाच पोरं बसतात.

शेवटचं काम मेणाचं. फर्निचरला लावायचं साधं मेण-पॉलिश हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. कापडावर अगदी थोडं घ्या, पूर्ण कोरड्या पितळेवर पातळ हात फिरवा, दहा मिनिटांनी स्वच्छ कापडानं पुसून काढा. पितळ आणि हवा यांच्यामध्ये तेवढाच पडदा राहतो. पेटाऱ्याच्या पट्ट्यांवर तो पावसाळाभर टिकावा. मुठी आणि कडी रोज हाताळल्या जातात, तिथं दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल. स्प्रेचं लॅकर जास्त टिकतं, पण कुठंतरी टवका उडतो, त्याच्याखाली ओल शिरते आणि डाग पसरत जातात. मग ते काढणं हेच एक काम होऊन बसतं. हात न लागणाऱ्या वस्तूंना ठीक, पेटाऱ्याला नको. लाकडाला तेल लावायची पद्धत मोडायची नसेल तर पितळेपासून बोटभर जागा सोडून लावा.

त्या काळ्या रेघेला लग्नाच्या आधी हात लावू नका. असा डाग ऑक्झॅलिक ॲसिडनं फिका होतो, पण ते विषारी आहे, आणि लावायच्या आधी त्या जागेवरचं पॉलिश काढावं लागतं, नंतर रंग जुळवून पुन्हा चढवावं लागतं. हे जुन्या फर्निचरचं पॉलिश करणाऱ्या मिस्त्रीचं काम. खानापूरला नाही मिळाला तर बेळगावात शहापूर किंवा खडेबाजारच्या बाजूला फर्निचरवाल्यांकडे चौकशी करा, आणि त्याला आधी स्पष्ट सांगा: तेवढीच जागा, अख्खा पेटारा घासून नवा करायचा नाही. तोवर रेघ राहिली तर राहू दे. पेटाऱ्यावर लग्नात शालू-पातळांची ताटं मांडलेली असतील, ती कुणाला दिसणार आहे?

दिवसांचा हिशेब करा. पेटारा एकटीनं करू नका, एका बैठकीतही नको. एक बाजू झाली की थांबा. मुठी आणि झोपाळा दिरांवर आणि मुलावर सोपवा. मेणाचा हात लग्नानंतर पुन्हा एकदा, मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत फिरवा. गौरी-गणपतीला पाहुणे येतील तेव्हा हिरवं परत दिसलं तर घासायला बसण्याआधी पेटाऱ्यामागच्या भिंतीला हात लावून बघा. ती ओली लागली तर पेटारा चार बोटं पुढं ओढा, मागून वारं खेळू दे, आणि उन्हाळ्यात गवंड्याला बोलावून त्या भिंतीचं बघा.